जुन्या म्युनिसिपालिटीच्या हाती खरंच किती सत्ता आली, हे दप्तरातून कसं शोधावं

गेली बारा वर्षं मी मुंबई इलाख्यातल्या लहान शहरांच्या म्युनिसिपालिट्यांची दप्तरं वाचते आहे. आपल्या गावाचा इतिहास लिहायला घेतलेली मंडळी भेटतात, तेव्हा त्यांच्या वहीत बहुतेक वेळा एक वाक्य असतं: ‘अमुक साली निवडणूक झाली आणि कारभार लोकांच्या हाती आला.’ ते वाक्य तूर्त खोडून ठेवा.

आधी वर्ष ठरवा आणि त्यावरून कायदा. १८५० चा, १८७३ चा, १८८४ चा, १९०१ चा आणि मोठ्या शहरांसाठी १९२५ चा बरो म्युनिसिपालिटी कायदा, यांपैकी आपलं बाड (जुन्या कागदांचा गठ्ठा) कुठल्या अमलातलं आहे ते पक्कं करा. इतिवृत्तात नुसतं ‘कायद्याप्रमाणे’ असं लिहिलेलं असतं. मी एकदा १९०१ नंतरचं बाड १८८४ चा कायदा समोर ठेवून वाचलं आणि दोन महिन्यांची टिपणं वाया गेली. मुंबई शहराला यात धरू नका. त्याचा कायदा वेगळा, १८८८ चा. तिथे कॉर्पोरेशनमध्ये फिरोजशहा मेहतांसारखी माणसं होती, तरी अंमलबजावणी सरकारने नेमलेल्या कमिशनरकडेच होती.

मग सह्या पाहा. व्हाइसरॉय लॉर्ड रिपनच्या स्थानिक स्वराज्याविषयीच्या १८ मे १८८२ च्या ठरावाचा रोख असा होता की, सरकारने देखरेख बाहेरून करावी, आत खुर्चीवर बसून नव्हे. तुमच्या गावात हे कधी घडलं? प्रत्येक सभेखालची अध्यक्षाची सही वर्षवार उतरवून काढा. कलेक्टर किंवा प्रांतसाहेब यांची सही थांबून गावातल्या माणसाची सुरू झाली, ती तारीख मला निवडणुकीच्या तारखेइतकीच मोलाची वाटते. सभासदांपुढे ‘लोकनियुक्त’ की ‘सरकारनियुक्त’ हेही लिहा, पण त्यावरून कोणाची बाजू ठरवू नका. जोतीराव फुले १८७६ पासून पुणे म्युनिसिपालिटीत होते, ते सरकारनियुक्त म्हणूनच.

सगळ्यात जास्त वेळ पैशाला द्या. जकात, घरपट्टी, पाणीपट्टी असे जमेचे रकाने उतरवा. बहुतेक गावांत जकातच डोंगराएवढी दिसेल. मग प्रत्येक रकमेला विचारा: ही पट्टी बसवायला, दर बदलायला, कर्ज काढायला वरची मंजुरी लागली का? सभेत नळयोजनेचा ठराव होतो, कागद कलेक्टरकडे, तिथून विभागाच्या कमिशनरकडे, तिथून सरकारकडे जातो. म्हणून ठरावाची तारीख, जी. आर.ची, म्हणजे सरकारी ठरावाची, तारीख आणि खोदाई सुरू झाल्याची तारीख एकाच ओळीत मांडा. जी. आर. गावात सापडला नाही तर मुंबईच्या पुराभिलेखागारात जनरल डिपार्टमेंटची बाडं मागवा. खर्चाच्या बाजूला पोलीस हा रकाना आहे का तेही बघा. पोलीसखर्चाचं ओझं काढून शिक्षण, आरोग्य अशी कामं द्यावीत, असं रिपनच्या ठरावात सुचवलं होतं. रकाना कधी गेला आणि त्याच्या जागी काय आलं, यावरून पुष्कळ कळतं.

चौथं काम कष्टाचं: अमलात न आलेले ठराव वेगळे काढा. कलेक्टरला ठरावाची अंमलबजावणी तहकूब करता येत होती आणि सरकारला सगळी म्युनिसिपालिटीच बाजूला सारता येत होती. पण प्रत्येक अडलेल्या ठरावामागे गोरा साहेबच असेल असं धरून चालू नका. माझ्या मते इथेच सगळ्यात जास्त चुका होतात.

महाडचं उदाहरण मी प्रत्येकाला वाचायला लावते. मुंबई कायदेमंडळात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव ऑगस्ट १९२३ मध्ये मंजूर झाला. त्यानुसार महाड म्युनिसिपालिटीने १९२४ च्या जानेवारीत चवदार तळं अस्पृश्यांना खुलं केल्याचा ठराव केला. ठराव वहीत राहिला. २० मार्च १९२७ रोजी डॉ. आंबेडकर आणि हजारो माणसं तळ्यावर जाऊन पाणी प्यायली, तेव्हा त्यांना मार खावा लागला. आणि ४ ऑगस्ट १९२७ ला त्याच म्युनिसिपालिटीने आपला ठराव रद्द केला. हा अधिकार तिने स्वतः वापरला. मुंबई हायकोर्टाचा निकाल अस्पृश्यांच्या बाजूने लागायला १९३७ साल उजाडलं.

म्हणून शेवटी मतदारयादी मागा. मत मुख्यतः कर भरणाऱ्याला होतं. किती कर, ते नियमांत सापडेल. ती यादी आणि सफाई खात्याचं पगारपत्रक टेबलावर शेजारीशेजारी ठेवा, आणि दोन्हीकडे आढळणारी नावं मोजा. खोडलेलं वाक्य त्यानंतर पुन्हा लिहायला घ्या.