पाट्या, स्टिकर, टीशर्ट आणि कॉफीचे मग घरच्या घरी छापायचे तर कोणतं मशीन घ्यावं?

आधी गेल्या तीन महिन्यांत बाहेरून करून घेतलेल्या छपाईची बिलं काढा आणि पाट्या-स्टिकर, कपडे, मग-कीचेन असे त्यांचे ढीग लावा. ज्या ढिगातलं काम दर आठवड्याला येतं, त्याचंच मशीन घ्या. फ्लेक्स वर्षातून चारदा लागत असेल तर तो बाहेरच बरा. शाईचं मशीन बंद पडून राहिलं की हेड (शाई सोडणारा भाग) सुकतं, आणि हेड हाच सगळ्यात महागडा भाग.

पाट्यांसाठी पहिलं मशीन म्हणजे 24 इंची कटिंग प्लॉटर: तो व्हिनाइलमधून, म्हणजे मागे कागद असलेल्या चिकट प्लास्टिकमधून, ब्लेडने अक्षरं कापतो. त्यात शाई नाही, त्यामुळे महिनाभर बंद राहिला तरी बिघडत नाही. चांगल्या व्हिनाइलची कापीव अक्षरं उन्हात छापील अक्षरांपेक्षा जास्त टिकतात. छापलेले स्टिकर आकारात कापायचे असतील तर ऑप्टिकल सेन्सरवालाच (छापलेल्या खुणा वाचणारा) प्लॉटर घ्या.

मराठी मजकुराची एक अडचण विक्रेता सहसा सांगत नाही. फॉन्टमध्ये प्रत्येक अक्षराची शिरोरेषा वेगळी असते. मजकूर तसाच कापायला दिला तर ब्लेड प्रत्येक जोडावरून फिरतं आणि शिरोरेषेचे तुकडे पडतात. त्यासाठी कोरलड्रॉ या डिझाइन सॉफ्टवेअरमध्ये आधी मजकुराचे कर्व्ह करा (अक्षरांचे आकार बनवा), नंतर वेल्ड करा (ते आकार एकसंध जोडा). दुसरी पंचाईत अनुस्वाराची: अक्षर लहान असलं की नको असलेलं व्हिनाइल सोलताना टिंबही त्याच्याबरोबर निघून येतं. म्हणून डेमोला ‘संपूर्ण स्वच्छता’ हे शब्द 15 मिमी उंचीत कापून मागा. व्हिनाइल पूर्ण कापलं जायला हवं, खालच्या कागदावर मात्र जेमतेम ओरखडा उठायला हवा. महाराष्ट्रात दुकानाच्या पाटीवरची मराठी अक्षरं इतर भाषेतल्या अक्षरांपेक्षा लहान चालत नाहीत, तेव्हा ही चाचणी टाळू नका.

मग आणि पॉलिएस्टर टीशर्टसाठी सबलिमेशन, म्हणजे कागदावर छापलेली शाई तापवून वस्तूवर उतरवायची पद्धत. त्याला लागतं: टाकीवाला इंकजेट प्रिंटर, सबलिमेशन शाई, हीट प्रेस (तापलेल्या प्लेटने दाबणारं मशीन) आणि मगांसाठी वेगळं मग-प्रेस. ही छपाई फिक्या रंगाच्या पॉलिएस्टरवर आणि कोटिंग केलेल्या मगांवरच उठते. सुती कापडावर धुतली की जाते. चित्र आरशात दिसतं तसं उलटं छापायचं. टीशर्टला साधारण 200 अंश सेल्सिअस आणि 50 सेकंद, मगाला 180 अंश आणि तीन मिनिटं, इथून सुरुवात करा. रंग फिका आला तर ताप किंवा दाब कमी पडला; दुहेरी कडा आली तर कागद हलला, हीट टेप लावा. पावसाळ्यात कापड पाच सेकंद आधी दाबून ओल काढा, नाहीतर डाग उठतात.

हीट प्रेस घेताना प्लेट तापवून मधलं आणि चारही कोपऱ्यांचं तापमान मोजा. दहा अंशांहून जास्त फरक असेल तर ते मशीन घेऊ नका. 15 बाय 15 इंची प्रेसला 16 अँपिअरचा पॉइंट आणि नीट अर्थिंग लागतं.

गडद सुती टीशर्टना डीटीएफ (आधी फिल्मवर छापून ती कापडावर दाबायची पद्धत) लागतं, पण त्यातली पांढरी शाई जड असते, तळाशी बसते आणि मशीन रोज चाललं नाही तर हेड तुंबतं. रोजचं काम नसेल तर मीटरवर छापील फिल्म मागवा आणि आपल्याच प्रेसवर 150 ते 160 अंशाला 15 सेकंद दाबा. फिल्म गरम सोलायची की थंड, हे पुरवठादाराला विचारून घ्या.

कोटेशनमध्ये हेडची किंमत, सर्व्हिसवाला किती दिवसांत येईल आणि शाईचा दर लेखी घ्या. हेड वॉरंटीत धरलंय का, तेही स्पष्ट लिहून घ्या; बहुतेक वेळा ते धरलेलं नसतं.