मान खाली घालून वाढलेल्यांसाठी : मुलाखतीच्या टेबलाच्या दोन्ही बाजूंनी

राज्यसेवेच्या पहिल्या मुलाखतीत मला १०० पैकी ३८ गुण पडले आणि ११ गुणांनी यादी हुकली. मुख्य परीक्षा चांगली गेली होती, त्यामुळे गावाकडे सगळ्यांनी धरूनच ठेवलं होतं. निकाल कळल्यावर आबा फोनवर एवढंच म्हणाले, "जेवलीस का?"

प्रश्न अवघड नव्हते. आमच्या तालुक्यातलं पाणी, तुरीची खरेदी, बचत गटांची कर्जं. उत्तरं मला येत होती आणि मी ती दिलीही. पण कुणाकडे बघून दिली, हे आठवायला गेलं तर काहीच हाती लागत नाही. समोर तिघं बसले होते, त्यांतला एकही चेहरा मला आज आठवत नाही. टेबलावरच्या पाण्याच्या ग्लासावरचं झाकण मात्र लख्ख आठवतं.

हे माझं मला कधीच उमगलं नसतं. सदाशिव पेठेतल्या आमच्या अभ्यासिकेत एक ताई होत्या, माझ्याआधी चार वर्षं तयारी करत असलेल्या. त्यांनी माझी एक मॉक मुलाखत मोबाइलवर रेकॉर्ड केली आणि म्हणाल्या, "आवाज बंद करून बघ." तुम्हीही पहिलं काम हेच करा. आवाज चालू असला की आपण उत्तर बरोबर की चूक एवढंच ऐकत बसतो. आवाज बंद केल्यावर मला दिसली खुर्चीच्या कडेवर टेकलेली एक मुलगी. खांदे पुढे ओढलेले, बोटांत ओढणीचं टोक. समोरच्याचा प्रश्न संपायच्या आतच तिची मान 'हो सर, हो सर' अशी हलत होती. प्रत्येक उत्तराचा शेवट आला की नजर टेबलावर. बोलताना आकडा चुकला की जीभ चावणं. आपण केलेल्या एखाद्या गुन्ह्याची कबुली देत असावी, तशी ती दिसत होती.

मला रडू आलं, पण लाज वाटली नाही. ते सगळं कुठून आलं होतं, हे मला पक्कं ठाऊक होतं. आमच्या घरी मोठे काका ओसरीवर आले की आई चौकटीआड उभी राहून बोलायची. आबा स्वतः पन्नाशीचे, पण थोरल्या भावाशी बोलताना त्यांची नजर जमिनीवर असायची. त्यात भीती नव्हती, मान होता. मोठ्या माणसाच्या तोंडाकडे टक लावून बोलणाऱ्या पोरीला आमच्याकडे उद्धट म्हणतात. म्हणजे मला देहबोली येत नव्हती असं नाही. एक अख्खी देहबोली मला येत होती आणि चांगली येत होती. फक्त मुलाखतीच्या खोलीत दुसरी चालते. तिथे झुकलेल्या नजरेचा अर्थ 'हिला स्वतःच्या उत्तराची खात्री नाही' असा लावला जातो. खेड्यातून आलेल्या प्रत्येकाला मी आधी हे सांगते, कारण पुण्यात आल्यावर पहिल्या महिन्यातच 'तुझ्यात कॉन्फिडन्स नाही' हे वाक्य ऐकवलं जातं आणि ते मनात रुतून बसतं. आपल्यात काही कमी नाही. एक भाषा येते, दुसरी शिकायची आहे, आणि शिकताना पहिली टाकून द्यायची नाही.

त्या काळात मी एका क्लासचं व्याख्यान ऐकलं. सरांनी फळ्यावर ७, ३८, ५५ असे तीन आकडे लिहिले आणि सांगितलं की संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, उरलेलं ९३ टक्के आवाज आणि देहबोली. हे तुम्हालाही कुणीतरी सांगेल. हे आकडे अल्बर्ट मेहरॅबियन या मानसशास्त्रज्ञाच्या १९६७ सालच्या प्रयोगांतून आले आहेत. त्या प्रयोगांत मोजलं होतं ते इतकंच की एखाद्याचे शब्द आणि त्याचा सूर-चेहरा एकमेकांशी जुळत नसतील, तर त्याला आपल्याबद्दल आपुलकी आहे की नाही हे ऐकणारा कशावरून ठरवतो. तुरीच्या हमीभावावरचं उत्तर त्यात बसत नाही. तो फळा बघून माझ्या ओळखीच्या दोघांनी वर्तमानपत्र वाचणं कमी केलं आणि आरशासमोर उभं राहणं वाढवलं, याचं मला आजही वाईट वाटतं. उत्तर येत नसेल तर ताठ पाठ तुम्हाला वाचवणार नाही. मात्र येत असलेलं उत्तर वाकलेल्या पाठीमुळे वाया जाऊ शकतं. माझं गेलं.

पुढच्या सात-आठ महिन्यांत मी काय केलं, ते सांगते.

नजरेवर सगळ्यात जास्त वेळ गेला. 'डोळ्यांत डोळे घालून बोल' असं सगळे सांगायचे. मी तसं करायला गेले, तर ताई म्हणाल्या, "अगं, भांडायला आल्यासारखी बघतेस." मग आम्ही एक सोपी रीत धरली. प्रश्न ऐकताना विचारणाऱ्याकडे बघायचं. विचार करताना नजर बाजूला गेली तर जाऊ द्यायची, ती सगळ्यांचीच जाते. पण वाक्य संपवताना परत त्या माणसाच्या चेहऱ्यावर यायचं. वाक्याचा पूर्णविराम टेबलावर पडता कामा नये. मोठं उत्तर असेल तर मधलं एखादं वाक्य बाकीच्या सदस्यांकडे बघून. याचा सराव मी मॉकमध्ये कमी आणि बाहेर जास्त केला. मेसमध्ये वाढणाऱ्या काकूंना 'भात थोडाच द्या' म्हणताना, पीएमटीच्या कंडक्टरला थांबा सांगताना, भाजीवाल्याशी भाव करताना. दिवसाला अशी वीस वाक्यं झाली की महिनाभरात सवय लागते. परीक्षेची भीती नसलेल्या जागी शिकलेलं परीक्षेत टिकतं.

हात मांडीवर, बोटं एकमेकांत न अडकवता. बोलताना हलले तर हलू द्या. बसताना पाठ खुर्चीच्या पाठीला टेकेल इतकं मागे बसा, पावलं दोन्ही जमिनीवर. मुलींनो, साडी नेसणार असाल तर तीच साडी नेसून, त्याच चपला घालून अर्धा तास लाकडी खुर्चीवर बसून बघा. पदर खांद्यावर नीट पिनअप केलेला नसेल, तर हात सारखा तिकडे जातो आणि लक्षही. मुलांचं तेच नव्या बुटांचं आणि टायचं. जे कपडे तुम्हाला विसरता येतात ते घाला. आत गेल्यावर नमस्कार पुरे, आणि खुर्ची सरकवताना ती उचलून सरकवा.

'माहीत नाही' हे म्हणण्याचा वेगळा सराव लागतो. आपल्याला उत्तर आलं नाही की चेहरा कसनुसा हसतो, खांदे उडतात. "सर, मला याची माहिती नाही," एवढं सरळ, त्यांच्याकडे बघत म्हणायचं आणि थांबायचं. मी हे वाक्य गच्चीवर मोठ्याने म्हणत असे.

तरी एक गोष्ट सुटत नव्हती. आवाज कापायचा आणि तळहात भिजायचे. काहीही केलं तरी. माझी खोलीतली मैत्रीण विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात नाटक शिकत होती. तिने एका रात्री मला भरताच्या नाट्यशास्त्रातले आठ सात्त्विक भाव सांगितले: स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभेद, वेपथु, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय. घाम येणं, आवाज फुटणं, थरथरणं, चेहरा पांढरा पडणं, हे सगळं त्यात आहे. ती म्हणाली, "हातापायांचा अभिनय वेगळा, तो आंगिक. तो शिकवता येतो. हे सात्त्विक, मनातून अंगावर येतं. वरून दाबायला गेलीस तर जास्तच येईल." मला फार मोठा दिलासा मिळाला. तळहात भिजणार हे मी धरूनच चालले. रुमाल सोबत ठेवला, दाराबाहेर बसले असताना श्वास सोडताना मनात सहापर्यंत मोजायचा सराव केला आणि पहिलं उत्तर मुद्दाम सावकाश द्यायचं ठरवलं. आवाज पहिल्या दोन वाक्यांत कापतो, नंतर आपोआप बसतो. त्याला ती दोन वाक्यं द्यायची.

दुसऱ्या मुलाखतीत मला तिन्ही चेहरे दिसले. मधल्या सरांना बचत गटांत काही रस नव्हता, पण तुरीच्या खरेदी केंद्राबाहेर आबांनी ट्रॅक्टरमध्ये काढलेल्या रात्रींबद्दल मी बोलले तेव्हा ते पुढे झुकले. ते दिसलं म्हणून मी तिथेच थांबले, अजून दोन वाक्यं बोलले. पहिल्या वेळी कुणी पुढे झुकलं असतं तरी मला कळलं नसतं. आपण कसे दिसतो याचीच काळजी करत बसलेल्या माणसाला समोरचं काहीच दिसत नाही. मला १०० पैकी ५७ मिळाले. आता नव्या वर्णनात्मक पद्धतीत मुलाखत २७५ गुणांची झाली आहे, त्यामुळे तुमच्यासाठी हे जास्तच मोलाचं आहे.

मी नायब तहसीलदार झाले. आणि इथे मला उरलेलं अर्धं शिकावं लागलं, जे कुठल्याच क्लासमध्ये शिकवत नाहीत.

माझ्याकडे संजय गांधी निराधार योजनेचं काम आलं. विधवा, म्हातारी माणसं, अपंग. मी मुलाखतीसाठी कमावलेलं सगळं घेऊन त्या खुर्चीत बसले होते: ताठ पाठ, स्थिर नजर, उत्तराआधी थांबणं. माणसं दारात चपला काढायची, हात जोडून उभी राहायची, कागद पुढे करायची आणि काही न बोलता निघून जायची. मला वाटायचं काम सुरळीत चाललंय. आमच्या अव्वल कारकून बाई नोकरीत मुरलेल्या होत्या. एकदा दुपारी डबा खाताना त्या म्हणाल्या, "मॅडम, तुम्ही फायलीत बघता तेव्हा ती बोलत नाहीत, आणि वर बघता तेव्हा तर अजिबात बोलत नाहीत."

रात्रभर ते वाक्य डोक्यात राहिलं. माझ्यासमोर उभ्या असलेल्या बायका म्हणजे चौकटीआडची माझी आई होती. ज्या नजरेमुळे माझे गुण वाढले, तीच नजर त्यांना गप्प करत होती. दुसऱ्या दिवशी मी समोरची खुर्ची उचलून टेबलाच्या बाजूला, माझ्या उजव्या हाताशी ठेवली. आलेल्या माणसाला आधी बसायला सांगायचं. पेन खाली ठेवायचं. मग दोघींनी मिळून तिच्या कागदाकडे बघायचं, एकमेकींकडे नाही. शेजारी बसून एकाच कागदावर नजर ठेवली की बोलणं फार लवकर सुटतं. तुमचं काम शाळेत असो, दवाखान्यात असो की बँकेत, हे करून बघा. मोबाइल उलटा ठेवण्यापेक्षा खणात टाका.

सुनावणीत एक चूक माझ्या हातून होता होता राहिली, तीही सांगते. शेताच्या वादात एक पक्ष थेट माझ्याकडे बघून खणखणीत बोलत होता, दुसरा म्हातारा जमिनीकडे बघत अडखळत होता. मनात पहिला विचार आला, हा लपवतोय. हा समज फक्त आपल्याकडचा नाही. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ५८ देशांतल्या लोकांना विचारलं होतं, खोटं बोलणारा कसा ओळखाल. सगळ्यात जास्त मिळालेलं उत्तर 'तो नजर चुकवतो' हेच होतं. प्रत्यक्षात नजरेवरून खोटं पकडता येत नाही. सराईत माणूस डोळ्यांत डोळे घालूनच खोटं बोलतो. मी जुने सातबारे आणि फेरफार पुन्हा काढायला लावले. म्हाताऱ्याचं म्हणणं कागदाला धरून होतं. उद्या तुम्ही अधिकारी व्हाल, कुणाची तरी मुलाखत घ्याल, तेव्हा हे लक्षात ठेवा. समोरच्याच्या अंगावरून त्याला भीती वाटतेय एवढं कळतं. कशाची, ते विचारावं लागतं.

ती खुर्ची हलवली त्या आठवड्यात एक आजी आल्या. हयातीचा दाखला द्यायला त्या आधी दोनदा येऊन गेल्या होत्या, दोन्ही वेळा अंगठा देऊन मुकाट्याने गेल्या होत्या. मी खुर्ची दाखवली तर आधी जमिनीवरच बसायला लागल्या. मी उठून त्यांच्या दंडाला धरून वर बसवलं. शाईचं पॅड त्यांच्या बाजूला सरकवलं, माझ्या हातात काही नव्हतं. त्या थोडा वेळ त्या पॅडकडे बघत राहिल्या. मग कमरेची पिशवी सोडली, तिच्यातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पासबुक काढलं आणि म्हणाल्या, "बाई, ह्यात माझं नाव चुकलंय म्हणत्यात. चार महिनं झालं, पैसंच आलं न्हाईत."