गमतीच्या बातम्या पुढे पाठवताना या चुका टाळा

दर दिवाळीला ग्रुपवर एक फोटो हमखास येतो: काळोखात लाल, निळ्या, हिरव्या दिव्यांनी लखलखणारा भारत आणि खाली ओळ, 'दिवाळीच्या रात्री नासाने टिपलेला.' मुळात तो एका रात्रीचा फोटोच नाही. अमेरिकी हवामान उपग्रहांच्या अनेक वर्षांच्या नोंदी एकावर एक ठेवून तो तयार केला आहे. पांढरे दिवे जुने, निळे १९९२ मध्ये दिसू लागलेले, हिरवे १९९८ चे, लाल २००३ चे. आपली शहरं कशी पसरत गेली, ते त्यात दिसतं. नासाने १२ नोव्हेंबर २०१२ ची खरी प्रतिमा प्रसिद्ध केली तेव्हा हेही सांगितलं, की दिवाळीचा जादा उजेड अवकाशातून जाणवण्याइतका नसतोच. खरी हकिगत खोट्या ओळीपेक्षा कितीतरी रंजक आहे, पण फोटो एकटाच फिरल्याने ती कुणापर्यंत पोचत नाही.

म्हणूनच पहिली चूक म्हणजे नुसता स्क्रीनशॉट पाठवणं. त्यात तारीख, छापणाऱ्याचं नाव आणि पुढचा मजकूर, तिन्ही कापले जातात. लिंकच पाठवा. स्क्रीनशॉट लागलाच तर मथळा, तारीख आणि संकेतस्थळाचं नाव एकाच चौकटीत येऊ द्या.

दुसरी चूक जुनं ते नवं समजण्याची. मार्च २०२० मध्ये 'व्हेनिसच्या कालव्यात डॉल्फिन परतले' म्हणून फिरलेला व्हिडिओ इटलीच्याच सार्डिनिया बेटावरच्या काल्यारी बंदरातला होता. व्हिडिओ थांबवून ठळक खूण दिसेल अशा जागी स्क्रीनशॉट घ्या आणि तो गुगल लेन्सवर टाका. टिनआय या फोटो शोधणाऱ्या संकेतस्थळावर निकाल 'सर्वांत जुना आधी' असे लावता येतात, त्यामुळे फोटो पहिल्यांदा कधी दिसला याचा अंदाज येतो. व्हॉट्सॲपच्या निरोपावर दुहेरी बाण असेल तर तो किमान पाच हातांतून आलेला आहे, तेव्हा तपासल्याशिवाय पुढे ढकलू नका.

विनोदी संकेतस्थळांच्या बातम्यांना तर मोठी वृत्तपत्रंही फसतात. 'द अनियन'ने २०१२ मध्ये किम जोंग उन यांना जगातला सर्वांत आकर्षक पुरुष ठरवलं आणि चीनच्या 'पीपल्स डेली'च्या संकेतस्थळाने ती बातमी ५५ फोटोंसह गंभीरपणे छापली. तेव्हा संकेतस्थळाचं 'आमच्याविषयी' पान आधी उघडा. बातमी विनोदी असेल तर पाठवताना पहिल्याच ओळीत तसं लिहा.

मराठी बातम्यांच्या लिंक अनेकदा वाटेतच तुटतात. पत्त्यात देवनागरी असेल तर कॉपी करताना प्रत्येक अक्षराची, उकाराची, अनुस्वाराची टक्क्याच्या खुणांसह नऊ-नऊ चिन्हं होतात. एकट्या 'मुंबई'ची ४५! मधलं एक चिन्ह सुटलं तरी पान उघडत नाही. म्हणून हाताने निवडून कॉपी करू नका, ब्राउझरच्या 'शेअर' बटणातूनच घ्या. प्रश्नचिन्हानंतर 'यूटीएम' (utm) किंवा 'एफबीसीएलआयडी'ने (fbclid) सुरू होणारा भाग फक्त लिंक कुठून आली याचा माग ठेवतो, तो खुशाल पुसा, पण यूट्यूबच्या लांब पत्त्यात 'व्ही' आणि बरोबरच्या चिन्हापुढे (v=) व्हिडिओची ओळख असते, तिला हात लावू नका. लिंक चिकटवल्यावर दोन-तीन सेकंद थांबा, मथळा आणि चित्र दिसलं की पाठवा.

चुकीचं काही गेलंच, तर गुपचूप डिलीट करू नका, कारण तोवर ते दुसऱ्या ग्रुपांत पोचलेलं असतं. स्वतः टाइप केलेला मजकूर व्हॉट्सॲपवर पंधरा मिनिटांपर्यंत एडिट होतो. त्यानंतर त्याच निरोपाला रिप्लाय देऊन दुरुस्ती आणि खरी लिंक टाका.