तिकीट कुठलं काढू, सांगली की मिरज?

पुण्याहून आमच्याकडे येणारा प्रत्येक पाहुणा फोनवर हेच विचारतो. माझं घर विश्रामबागला, विलिंग्डन कॉलेजच्या बाजूला. सांगली, विश्रामबाग आणि मिरज ही तिन्ही स्टेशनं सात-आठ किलोमीटरच्या आत, ओळीनं. म्हणून आधी मला सांगा, जायचं कुठं आहे?

गणपती मंदिर, बाजार, मार्केट यार्ड असेल तर सांगली. दवाखान्याचं काम असेल तर डोळे झाकून मिरज. मिशनरी डॉक्टर वानलेस साहेबांनी १८९४ साली दवाखाना काढला, तेव्हापासून पंचक्रोशीच काय, कर्नाटकातलेही पेशंट मिरजेलाच येतात. माझ्याकडे यायचं असेल तर विश्रामबाग, पण ते छोटं स्टेशन. एक्सप्रेस बहुतेक धडधडत निघून जातात. तुमच्या गाडीला थांबा आहे का, हे तिकीट काढतानाच बघा. नसेल तर सांगलीला उतरून रिक्षा करा.

येरळा नदीचा पूल गेला की पिशव्या आवरायला घ्या. पुढे नांद्रे, माधवनगर, मग सांगली. आमचे व्याही इथंच झोपले आणि सांगलीच्या तिकिटावर मिरजेला उतरले. दंड भरला, वर मलाच ऐकवलं!

मिरज मात्र मोठं जंक्शन. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, पंढरपूर अशा चार दिशा. पाटी आणि घोषणा दोन्हींकडे लक्ष ठेवा. गाडी बदलायची असेल तर मध्ये तासभर तरी ठेवा. आता निदान रूळ तरी एकाच रुंदीचे आहेत. मी शाळेत होते तेव्हा पुण्याकडे ब्रॉडगेज, बेळगावकडे मीटरगेज आणि पंढरपूरकडे बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी रुळांवरची छोटी गाडी. एका रुळावरचा डबा दुसऱ्यावर चालायचा नाही. म्हणून पोती हमालांच्या पाठीवर आणि वारकरी बायका गाठोडी डोक्यावर घेऊन इकडून तिकडे. आजी त्या छोट्या गाडीतनं पंढरपूरला जायची. बैलगाडीनं आधी पोचले असते, म्हणायची.

याच मिरजेतून एप्रिल २०१६ मध्ये दुष्काळातल्या लातूरला पाण्याची रेल्वे गेली. पहिल्या खेपेला पाण्याचे दहा टँकर-डबे, पाच लाख लिटर. आम्ही बघायला गेलो होतो. कृष्णेचं पाणी साडेतीनशे किलोमीटरवर प्यायला चाललंय, हे बघून मला रडूच आलं.

गाडीला तीन-चार तास असतील तर फलाटावर बसून राहू नका. रिक्षा करून मीरासाहेबांच्या दर्ग्यात जा. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब तिथं विसावलेत. १९३७ साली मद्रासहून पाँडिचेरीला जाताना वाटेतल्या एका स्टेशनावर उतरून त्यांनी प्राण सोडला. पुढे त्यांना मिरजेत आणलं. जवळच सतारमेकरांची दुकानं आहेत. विकत काही घ्यायचं नसलं तरी भोपळा कसा कोरतात ते बघा. कुणी हाकलत नाही.

आणि पुण्यातून निघालात की फोन करा. विश्रामबागला मी स्कूटीवर येते. मिरजेला उतरलात तर मात्र वडाप, म्हणजे शेअरची गाडी, पकडा.