मोंतिकिएल्लो: ठाण्याहून निघून वेशीच्या आत पोचेपर्यंत

इटलीत तोस्काना (इंग्रजीत टस्कनी) प्रांताच्या दक्षिणेला, पिएन्झा आणि मोंतेपुल्चानो या दोन नावाजलेल्या गावांच्या मधे, टेकडीच्या माथ्यावर मोंतिकिएल्लो बसलंय. तेराव्या शतकातली तटबंदी, सांत आगाता नावाची वेस, जुन्या बुरुजाचा उरलेला भाग, एक गॉथिक चर्च आणि पाच-सात चिंचोळ्या गल्ल्या. सगळं मिळून तासाभरात बघून होतं. म्हणूनच बरेच जण पिएन्झाला जाताना इथे तासभर थांबतात, वेशीपाशी फोटो काढतात आणि पुढे जातात. तसं करू नका. इथे किमान दोन रात्री मुक्काम ठेवा. सकाळी आठपर्यंत आणि संध्याकाळी सहानंतर हे गाव खऱ्या अर्थाने गाव असतं, आणि ते तास फक्त मुक्काम करणाऱ्याच्याच वाट्याला येतात.

आधी महिना ठरवा. मुलांची मे महिन्याची सुट्टी इथे अगदी जुळते. एप्रिल-मेमध्ये गव्हाची शेतं हिरवीगार असतात, मेमध्ये बांधावर लाल पॉपी फुलतात आणि अंधार रात्री नऊच्या सुमारास पडतो. फोटोंतल्या त्या हिरव्या लाटा बघून जुलै-ऑगस्टची तिकिटं काढली की फसगत होते. तोपर्यंत गहू कापून झालेला असतो, जमीन पिवळी-तपकिरी दिसते आणि दुपारी ऊन सोसत नाही. द्राक्षांची तोडणी सप्टेंबर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला, ऑलिव्हची ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबर अखेरपर्यंत. तेलासाठी जायचं असेल तर दिवाळीनंतरचा नोव्हेंबर गाठा, मात्र पाऊस आणि धुकं गृहीत धरा. जानेवारी-फेब्रुवारीत बरीचशी हॉटेलं आणि खानावळी बंद असतात.

इटलीसाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक व्हिसा लागतो. त्याचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. किमान पंधरा दिवस आधी तरी तो दिलेला हवा. मेसाठी निघणाऱ्यांनी ‘पंधरा दिवस’ विसरून जावं, कारण मार्च-एप्रिलमध्ये अपॉइंटमेंटच मिळत नाही. डिसेंबर-जानेवारीतच तारीख धरा. मोठ्यांना फी ९० युरो, ६ ते ११ वर्षांच्या मुलांना ४५, सहाच्या आतल्यांना माफ. प्रवास विमा किमान ३०,००० युरोचा लागतो. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांतला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने वैध आणि दोन पानं कोरी असलेला. बऱ्याच अर्जांत तारखांचा मेळ बसत नाही: हॉटेलच्या बुकिंगमध्ये एक रात्र मोकळी राहते, किंवा विमा पोचण्याच्या दिवसाऐवजी दुसऱ्या दिवशी सुरू होतो. तिकीट, विमा आणि मुक्काम एका कागदावर तारीखवार लिहून ताडून बघा.

गाडी चालवणार असाल तर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना काढा. अर्ज सारथी पोर्टलवर भरायचा आणि तुमचा पत्ता ज्या हद्दीत येतो त्या आरटीओत जायचं, म्हणजे ठाण्याचं किंवा वाशीचं. परवाना एक वर्ष चालतो, आणि तिकडे तो मूळ लायसन्ससोबतच धरला जातो. मूळ लायसन्स घरी ठेवून गेलात तर परवान्याचा उपयोग नाही. भाड्याची गाडी घेताना अनामत रक्कम चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डवर अडकवतात. नवरा चालवणार आणि कार्ड बायकोचं, अशा वेळी काउंटरवर अडकायला होतं.

बॅगेबद्दल एक कळीची गोष्ट. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ नेता येत नाहीत. तूप, पेढे, खवा, चितळ्यांची बाकरवडीसोबतची बर्फी, सगळं घरीच ठेवा. ताज्या फळांत अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन एवढीच सवलतीत बसतात, त्यामुळे हापूसची पेटी नेऊ नका, कढीपत्ताही नाही. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, गोडा मसाला, भाजलेला रवा चालतो. स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर भाजणीचा फार आधार होतो. आपल्याकडची तीन जाड पिनांची प्लग तिकडे बसत नाही, म्हणून ॲडॅप्टर घ्या. बूट मात्र नवे नकोत. गल्ल्यांमध्ये दगडी फरशी आहे, पावसात ती निसरडी होते आणि उतार चांगलाच जाणवतो. महिनाभर आधी येऊरच्या किंवा बेलापूरला पारसिक हिलच्या चढावर आठवड्यातून तीनदा चालून या. ज्येष्ठांच्या गुडघ्यांचा अंदाजही तिथेच येतो.

तिकीट काढताना विमान मुंबईहून आहे की नवी मुंबईहून ते नीट वाचा. रोमला उतरल्यावर गावाकडे दोन रस्ते. रेल्वेने जायचं तर रोमा तेर्मिनीहून किउझी-किआंचानो तेर्मे स्टेशन, तिथून बसने मोंतेपुल्चानो, पुढे टॅक्सी. प्रादेशिक गाडीचं कागदी तिकीट फलाटावरच्या यंत्रात छापून घ्यावं लागतं. नाहीतर तिकीट हातात असूनही दंड होतो. रविवारी बस अगदीच थोड्या, त्यामुळे पोचण्याचा दिवस रविवार ठेवू नका.

या भागात खरी सोय गाडीचीच. रात्रभर विमानात जागून उजव्या बाजूने गाडी चालवायला बसू नका, पहिली रात्र रोममध्ये किंवा विमानतळाजवळ झोपा. दुसऱ्या दिवशी ए-१ महामार्गाने किउझीच्या फाट्यापर्यंत आणि पुढे गावापर्यंत अडीच तास धरा. टोलनाक्यावर पिवळ्या टेलिपासच्या (तिथला फास्टॅग) रांगेत शिरू नका. आत शिरताना तिकीट घ्यायचं आणि बाहेर पडताना पैसे भरायचे. तिथल्या गाड्यांत इंडिकेटर डाव्या हाताला असतो, म्हणून पहिल्या दिवशी वळताना वायपर चालू होणार. गोल चौकात उलट्या घड्याळाच्या दिशेने फिरायचं आणि आतल्या गाडीला आधी जाऊ द्यायचं. घोडबंदर रोडची सवय इथे पूर्ण बाजूला ठेवा. पेट्रोल म्हणजे ‘बेन्झीना’, डिझेल म्हणजे ‘गझोल्यो’. पंपावर ‘सेर्वितो’ लिहिलेल्या बाजूला माणूस भरून देतो आणि दरही चढा लागतो. ‘फाय दा ते’ म्हणजे स्वतः भरा. कच्च्या पांढऱ्या रस्त्यांवर वेग कमी ठेवा. टायर आणि गाडीची खालची बाजू विम्यात बहुतेक वेळा धरलेली नसते.

सगळ्यात महाग पडणारी चूक म्हणजे ‘झेड-टी-एल’. जुन्या गावठाणात बाहेरच्या गाड्यांना बंदी असते, वेशीपाशी पांढऱ्या वर्तुळाला लाल कड असलेली पाटी आणि कॅमेरा असतो. नकाशाचं ॲप तुम्हाला सरळ आत नेतं. अडवायला कुणी पोलीस उभा नसतो. काही महिन्यांनी दंडाचं पत्र ठाण्याच्या पत्त्यावर येतं आणि गाडीवाली कंपनी त्यावर आपलं शुल्क वेगळं लावते. गाडी तटाबाहेरच लावा. पांढऱ्या रेघा म्हणजे फुकट, निळ्या म्हणजे पैसे भरून, पिवळ्या राखीव. तटाबाहेरून खोलीपर्यंत सामान हाताने न्यायचं असल्यामुळे दोन दिवसांपुरती एक छोटी बॅग वेगळी भरा. मोठी सूटकेस गाडीच्या डिकीत, बाहेरून दिसणार नाही अशी राहू द्या.

वेशीतून आत शिरलात की हे गाव डोंगरावर का वसलं ते कळतं. मोंतिकिएल्लो हा सिएनाच्या राज्याचा सीमेवरचा गड होता. १५५३ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या सैन्याच्या वेढ्यात तो पडला, सिएना १५५५ मध्ये, आणि शेजारचं मोंताल्चिनो १५५९ पर्यंत झुंजत राहिलं. आपल्या गडांची सवय असलेल्या माणसाला तटाची उंची, दरवाजाची जागा, बुरुजावरून दिसणारा टापू हे सगळं आपोआप वाचता येतं. फरक एवढाच की इथल्या गडावर माणसं अजून राहतात. १९६७ पासून गावकरी दर उन्हाळ्यात स्वतः लिहिलेलं नाटक चौकात करतात, त्याला ‘तेआत्रो पोवेरो’ म्हणतात. विषय त्यांच्याच जगण्यातला: शेती सुटणं, तरुण निघून जाणं, गाव टिकवणं. जुलै-ऑगस्टमध्ये गेलात तर भाषा कळली नाही तरी बसा.

दगडी गल्लीत आवाज घुमतो. आपण ज्याला साधं बोलणं म्हणतो ते वरच्या मजल्यावरच्या आजींना झोपेत ऐकू येतं. स्पीकरवर व्हिडिओ कॉल करू नका, लोकांच्या दारातल्या कुंड्यांपाशी बसून फोटो काढू नका, समोर दिसेल त्याला ‘ब्वोन जोर्नो’ म्हणा. दुपार उलटली की ‘ब्वोना सेरा’. चर्चमध्ये खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. दुपारी एक ते साडेतीन-चार गाव बंद असतं. किराणा, औषधं, पाणी हे त्याआधी उरका, तेही पिएन्झात किंवा मोंतेपुल्चानोत. दोन्ही दहा-एक किलोमीटरवर. पासपोर्ट मुक्कामाच्या ठिकाणी दाखवावा लागतो, स्थानिक पर्यटन करासाठी थोडे सुटे युरो ठेवा.

जेवण साडेबारा ते अडीच आणि संध्याकाळी साडेसातनंतर. मधल्या वेळात स्वयंपाकघर बंद, मुलांसाठी खाऊ जवळ ठेवा. बिलात ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोन-तीन युरो दिसतील, ते पाव आणि टेबलाचे. हा पाव बिनमिठाचा असतो. चुकून राहिलेलं नाही, तोस्कानात तसाच करतात; तेल आणि मीठ लावून खा. शाकाहारींसाठी ‘पीची’ उत्तम, पीठ आणि पाणी मळून हाताने वळलेल्या जाड शेवया, बहुधा अंड्याशिवाय. त्यावर ‘आल्योने’, म्हणजे मोठ्या पाकळ्यांच्या सौम्य लसणाचा टोमॅटो रस्सा. जैन मंडळींनी ‘सेन्झा आल्यो, सेन्झा चिपोल्ला’ (लसूण नको, कांदा नको) असं सांगावं. नुसतं ‘मांस नको’ म्हटलं की हॅमचे तुकडे किंवा मटणाचं पाणी येऊ शकतं, म्हणून ‘सोनो वेजेतारियानो’ (बाईंनी ‘वेजेतारियाना’) म्हणून ‘सेन्झा ब्रोदो दी कार्ने’ही जोडा. पेकोरिनो हे मेंढीच्या दुधाचं चीज पिएन्झाची शान. त्यात बहुधा वासराच्या किंवा कोकराच्या पोटातलं विरजण असतं, कडक शाकाहारींनी ‘काल्यो वेजेताले’ आहे का ते विचारावं.

वाइनची चव घ्यायला आधी बुकिंग करा, असंच दारात जाऊन उभं राहू नका. एका बाजूला मोंताल्चिनोची ब्रुनेल्लो, दुसऱ्या बाजूला मोंतेपुल्चानोची वीनो नोबिले. दोन्ही मुख्यतः सांजोवेझे द्राक्षाच्या आणि १९८० पासून इटलीच्या सर्वोच्च प्रमाणित श्रेणीत. मधल्या या ओर्चा नदीच्या खोऱ्याची स्वतःची ‘ओर्चा’ वाइन २००० पासून प्रमाणित आहे, तिचं नाव कमी ऐकू येतं आणि ती मुद्दाम चाखावी अशी आहे. ‘मोंतेपुल्चानो दाब्रुझ्झो’ ही वेगळ्याच प्रांतातली, वेगळ्या द्राक्षाची वाइन. गफलत करू नका. दिवसाला वाइनचं एकच तळघर पुरे. चाखून थुंकण्यासाठी भांडं ठेवलेलं असतं, ते वापरण्यात काही गैर नाही. रक्तातल्या दारूची मर्यादा लिटरला ०.५ ग्रॅम आहे आणि मूळ लायसन्स काढून तीन वर्षं न झालेल्याला शून्य. चालवणाऱ्याने घेऊच नये.

ऑलिव्हची बरीच झाडं एकाच बुंध्यातून तीन-चार खोडं फुटलेली दिसतील. जानेवारी १९८५ च्या थंडीत तोस्कानातले ऑलिव्ह मोठ्या प्रमाणावर मेले; खोडं जमिनीलगत कापली आणि मुळांतून नवे धुमारे वाढवले, ते हे. आपल्याकडच्या घाण्यासारखाच इथला ‘फ्रान्तोयो’. फळ तोडल्यापासून शक्यतो एका दिवसात गाळतात, आणि तापमान २७ अंशांच्या खाली राहिलं तरच ‘थंड काढलेलं’ असं लिहिता येतं. चव घेताना छोटी वाटी तळव्यात धरून कोमट करा, घोटभर तोंडात घ्या आणि दातांतून हवा ओढा. जिभेला कडसर आणि घशाला ठसका लागला तर तेल ताजं. जुन्या शेंगदाण्यासारखा खवट वास आला तर घेऊ नका, कितीही सुंदर बाटली असो. लेबलवर ‘एक्स्ट्रा वेर्जिने’सोबत तोडणीचं वर्ष बघा. काचेपेक्षा पत्र्याचा डबा घ्या. प्रकाश लागत नाही आणि फुटतही नाही.

परतीच्या बॅगेचा हिशेब दुकानातच करा. भारतात माणशी दोन लिटर दारू करमुक्त आणता येते. ७५० मिलीच्या दोन बाटल्या म्हणजे दीड लिटर. तिसरी घेतली की सव्वादोन होतात आणि वरच्या भागावर शुल्क बसतं. तेल आणि वाइन दोन्ही चेक-इन बॅगेत, कपड्यांत गुंडाळून, बॅगेच्या मधोमध. एका दुकानातली खरेदी ७० युरोच्या वर गेली तर पासपोर्ट दाखवून करपरतीचा फॉर्म मागा आणि शेवटच्या युरोपीय विमानतळावर बॅग देण्याआधी तो मंजूर करून घ्या. माल बॅगेत गेल्यावर दाखवायला काही उरत नाही. घरी आल्यावर डबा शेगडीजवळच्या फडताळात ठेवू नका. आपल्या उन्हाळ्यात तेल लवकर उतरतं. उघडल्यावर दोन-तीन महिन्यांत संपवा. फोडणीत तो वास उडून जातो, त्यापेक्षा गरम वरण-भातावर किंवा ज्वारीच्या भाकरीवर वरून घाला.