जुन्या प्रकल्पात ब्रेकपॉइंट दगा देतो तेव्हा या चुका टाळा

व्हिज्युअल स्टुडिओत जुना सी प्लस प्लस प्रकल्प उघडून ब्रेकपॉइंट (प्रोग्रॅम जिथे थांबवायचा ती खूण) लावावा, डीबगिंग सुरू करण्यासाठी एफ ५ दाबावे आणि भरीव लाल ठिपक्याचे पोकळ वर्तुळ व्हावे, म्हणजे तो लागूच होऊ नये, हा अनुभव अनेकांच्या परिचयाचा आहे. अशा वेळी तो ठिपका काढून पुन्हा लावत बसणे ही पहिली चूक. ब्रेकपॉइंट प्रत्यक्षात लागतो तो आपण वाचत असलेल्या ओळीवर नव्हे, तर त्या ओळीपासून तयार झालेल्या यंत्रसूचनेवर, आणि ओळ व पत्ता यांची सांगड पीडीबी या डीबगिंगची माहिती ठेवणाऱ्या फाइलमध्ये असते. त्यामुळे चालू असलेली डीएलएल (प्रोग्रॅम चालताना वापरतो ती तयार कोडची फाइल) समोरच्या कोडमधून तयार झालेली नसेल, तर डीबगरचा नाइलाज होतो.

म्हणून कोडला हात लावण्यापूर्वी डीबग मेनूतून, प्रोग्रॅमने चढवलेल्या फाइलींची यादी दाखवणारी मॉड्यूल्स विंडो उघडावी आणि डीएलएलचा पाथ अक्षर न अक्षर वाचावा. एका जुन्या कॉम (विंडोजमधील घटक जोडण्याची पद्धत) घटकावर काम करताना मी हे केले नाही आणि दीड दिवस नसलेला तर्कदोष शोधत राहिलो. बिल्ड, म्हणजे कोडपासून प्रोग्रॅम तयार करणे, दर वेळी यशस्वी होत होता. मात्र विंडोजच्या रजिस्ट्रीत, घटकाची डीएलएल कोठे आहे हे सांगणाऱ्या इनप्रॉकसर्व्हर३२ या नोंदीखाली भलत्याच फोल्डरचा पाथ असल्याने प्रोग्रॅम तेथील जुनी प्रत उचलत होता. नव्या डीएलएलवर ही नोंद करणारी रेगएसव्हीआर३२ ही आज्ञा चालवताच ब्रेकपॉइंट लागला. पोस्ट-बिल्ड (बिल्डनंतर आपोआप चालणाऱ्या) पायरीतही हाच घोळ होतो: चालू सर्व्हिसने डीएलएल धरून ठेवलेली असते, कॉपी फसते आणि त्या बॅच फाइलमध्ये पुढच्या आज्ञेने यशाचा कोड परत केला, की बिल्ड बिनबोभाट पार पडतो.

पीडीबीचे नाव जुळले म्हणजे ती जुळली, असेही समजू नये. लिंकर (संकलित तुकडे जोडणारा प्रोग्रॅम) डीएलएल आणि पीडीबी या दोहोंत एकच ओळख-क्रमांक लिहितो. तोच कोड दुसऱ्या संगणकावर बिल्ड करून मिळवलेली पीडीबी त्यामुळे सहसा नाकारली जाते. पीडीबी जुळली पण सोर्स फाइल वेगळी असली, तर ती मूळ प्रतीशी तंतोतंत जुळण्याची अट पर्यायांतून काढून टाकणे मला तर सर्वांत घातक वाटते, कारण मग ठिपका भरीव होतो खरा, पण अंमल भलत्याच ओळीवर थांबतो.

रिलीज (वापरकर्त्यांना द्यायच्या) बिल्डमध्ये ऑप्टिमायझरने, म्हणजे कोड वेगवान करणाऱ्या टप्प्याने, फंक्शन इनलाइन केल्यास (बोलावलेल्या जागीच घुसवल्यास) किंवा ओळी एकमेकींत मिसळल्यास ब्रेकपॉइंट सरकणारच; तेथे केवळ त्या फाइलपुरते ऑप्टिमायझेशन बंद करावे.

डीबग बिल्डमध्येही थांबण्याची जागा दोन-तीन ओळींनी चुकत असेल, तर फाइलमधील ओळींचे शेवट तपासावेत. अनेक संपादकांतून फिरलेल्या फाइलमध्ये एखादे सुटे कॅरेज रिटर्न (ओळ संपल्याची एक अदृश्य खूण) उरलेले असू शकते. संपादक त्याला ओळ मानतो, कंपाइलर मानत नाही, आणि तेथून खालची सगळी मोजणी सरकते. सर्व शेवट एकाच प्रकारचे करून तो बदल स्वतंत्र कमिटमध्ये (नोंदवलेल्या बदलात) ठेवावा, नाहीतर डिफमध्ये (दोन प्रतींतील फरकांच्या यादीत) संपूर्ण फाइल बदललेली दिसते आणि मूळ दुरुस्ती त्यात हरवते.