बिडाची जाळी साफ करायला घेण्याआधी काय काय काढून ठेवायचं

पहिलं म्हणजे गॅस ग्रिलची जाळी नुसत्या बिडाची आहे की वरून मुलामा दिलेली, हे बघून घ्या, कारण दोन्हीची निगा वेगळी. नुसतं बीड म्हणजे प्लेन कास्ट आयर्न, हाताला खरखरीत लागतं आणि दिसायला मळकट काळं, आणि पोर्सिलेनचा मुलामा असेल तर जाळी गुळगुळीत चकचकीत असते. मुलाम्याच्या जाळीला तारेचा ब्रश लावू नका, टवके उडतात आणि उडाला तिथे खालून गंज धरतो, तेवढ्या जागेला तेल लावत राहायचं, बाकी तिला सीझनिंग (तेल लावून तापवून त्याचा कडक थर बसवणं) वगैरे लागत नाही. आता पुढचं सगळं नुसत्या बिडाचं.

सामान सगळं आधी काढून हाताशी ठेवा, अर्ध्यात शोधाशोध नको, कारण या कामात धुणं आणि तेल लावणं यांच्यामध्ये गॅप पडला की झालं. मी एकदा जाळी धुतली, तेवढ्यात फोन आला, बोलत बसले, परत येऊन बघते तर काळ्या दांड्यांवर विटेचा भुगा शिंपडल्यासारखा नारिंगी थर, आणि रात्रभर वगैरे नाही हां, एका फोनात! तर काय काय लागेल: ताठ केसांचा ब्रश, खरवडायला पत्र्याची सपाट पट्टी किंवा जुनं लाकडी उलथणं, गंज असेल तर स्टील वूल, लांब चिमटा, जाड हातमोजे, धागे सुटत नाहीत असे तीनचार जुने सुती कपडे, वाटीत दोन चमचे तेल (खरंच दोनच), बर्नरची भोकं मोकळी करायला बारीक तार, आणि स्प्रेच्या बाटलीत साबणाचं पाणी.

ब्रशबद्दल जरा थांबून सांगते. तारेचा ब्रश झिजायला लागला की त्याच्या काड्या सुटतात, जाळीला चिकटतात, तिथून खाण्यात आणि मग घशात किंवा आतड्यात. अमेरिकेच्या सीडीसीने (तिथली सरकारी आरोग्य संस्था) २०१२ मध्ये ऱ्होड आयलंडमधल्या अशा ६ पेशंटची नोंद छापली होती, म्हणजे ही काही नुसती ऐकीव भीती नाही. तारेचाच वापरायचा असेल तर आधी केस ओढून बघा, एक जरी हातात आला तरी ब्रश कचऱ्यात, आणि घासून झाल्यावर जाळी ओल्या कपड्याने पुसायचीच.

पेटवायच्या आधी खालचा चरबीचा ट्रे रिकामा करा, हे लोक हमखास विसरतात आणि मग जाळी तापवताना खाली भडका उडतो (उडालाच तर पाणी ओतायचं नाही, गॅस बंद आणि झाकण बंद). पेटवताना मात्र झाकण उघडं हवं, बंद झाकणात गॅस साठतो. पेटला की झाकण लावून फुल आचेवर १०-१५ मिनिटं, चिकटलेलं सगळं जळून कुरकुरीत होतं आणि ब्रशने आपोआप सुटतं. गरम आहे तोवरच घासा, पण गरम जाळीवर गार पाणी ओतू नका, बिडात २ ते ४ टक्के कार्बन असतो, त्याने ते कडक होतं पण ठिसूळही, एकदम गार पडलं की तडकतं.

साबण चालतो का, तर हो, थोडा भांड्यांचा लिक्विड साबण चालतो, त्याने सीझनिंग निघून जात नाही, सीझनिंगचं वाटोळं होतं ते भिजत घातल्याने आणि डिशवॉशरमध्ये टाकल्याने. गंज असेल तर व्हिनेगर आणि पाणी निम्मं निम्मं करून त्यात जाळी अर्धा तास, बास, त्याहून जास्त ठेवली तर गंज संपून ॲसिड लोखंडच खायला लागतं. मग स्टील वूलने घासून, धुवून, पुसून लगेच बर्नरवर पाच मिनिटं, म्हणजे कोपऱ्यातलं पाणीही उडतं.

आता तेल, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. तेल जास्त म्हणजे थर जाड असं वाटतं, पण जाड तेल नीट कडक होतच नाही, चिकट राहतं, बोट लावलं की ठसा उमटतो आणि धूळ बसते ती वेगळीच. जाळी कोमट असताना सगळीकडून तेल चोळा, दांड्यांच्या कडा आणि खालची बाजू पण, मग दुसरा कोरडा कपडा घेऊन चुकून लागलं असावं असं समजून सगळं पुसून काढा. कपडा आधी काळा निघतो, मग तपकिरी, मग जवळजवळ स्वच्छ, तेव्हा थांबायचं. मग झाकण लावून २००-२५० डिग्रीला तासभर. त्या उष्णतेने तेलाचे रेणू एकमेकांत गुंफून कडक थर होतो, सीझनिंग म्हणतात ते हेच, त्यामुळे धूर होणारच, आणि गॅस ग्रिल तसाही उघड्यावरच पेटवायचा. नवी किंवा गंज काढलेली जाळी असेल तर हे तीन वेळा, एरवी एकदा पुरे. रिफाइंड सोयाबीन, सूर्यफूल, शेंगदाणा काहीही चालतं, जवसाचं तेल फार कडक बसतं असं लोक सांगतात ते खरंय, पण त्याचे पापुद्रेही सुटतात, मी नाही वापरत.

जाळी बाहेर आहे तोवर बर्नरची भोकं तारेने मोकळी करून घ्या, ज्योत निळीऐवजी पिवळी येत असेल तर नळीत कोळ्याचं जाळंही असू शकतं, आणि गॅसच्या पाइपच्या जोडांवर ते साबणाचं पाणी मारून बुडबुडे येतात का बघा. बरेच दिवस वापरणार नसाल तर तेलाचा हात फिरवून जाळी कागदात गुंडाळून कोरड्या जागी ठेवा, प्लॅस्टिकमध्ये नको, आत दमट राहतं.

आणि हो, तेलाचे कपडे बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, खास करून जवसाच्या तेलाचे, ते वाळताना आतल्या आत तापतात आणि कधी कधी स्वतःहून पेटतात. बाहेर एकेक मोकळा पसरून वाळू द्या, मग टाका.